‘सावधान’ आणि ‘हवं तर’

मी बोलतोय रायपूरच्या बूढापाऱ्यातून. बाहेरच्यांना हा मोहल्ला दोन गोष्टींमुळे ठाऊक असतो. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त इथे राहायला आला. आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या बूढा तलावाकाठी राज्यभरातली माणसं धरणं द्यायला बसायची. ‘राजयोग’ लिहिणारा माणूस आणि न्याय मागणारी माणसं, दोघांचा पत्ता एकच. आज मात्र बोलायचं आहे ते माझ्या एका चुकीबद्दल.

निवृत्त झाल्यावर मी गच्चीवर मोहल्ल्यातल्या बायकांसाठी योगवर्ग सुरू केला. आयुष्य परेडच्या मैदानावर गेलेलं. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. “पाठ सरळ! हात वर! डोळे बंद!” एकदा ताडासनात एका ताईंचा खांदा मी मागून हात लावून सरळ केला आणि पुढे गेलो. थोड्या वेळाने पाहतो तर बाकीच्या खाली बसलेल्या, त्या तशाच उभ्या, हात वर. मनात म्हटलं, काय शिस्त आहे! सगळ्या गेल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ती शिस्त नव्हती. तिच्या घरी काय चालतं ते अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे, तुम्ही सोडून.” दुसऱ्या दिवशी त्या ताई आल्या नाहीत.

फटाक्याच्या आवाजाने जागच्या जागी थिजलेला जवान मी पाहिलेला आहे. तोच प्रकार माझ्याच गच्चीवर मला ओळखता आला नाही.

मग मी शोधायला लागलो, हा हुकुमाचा आवाज योगात आला कुठून? हठप्रदीपिकेतला साधक एकांतातल्या लहानशा मठीत बसतो. तिथे रांगा नाहीत, शिट्टी नाही. रांगा आल्या विसाव्या शतकात, आणि त्यात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांनी कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत बसवले. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि पुढे शाळांसाठी सांघिक योगाचे धडेही तयार केले. हेतू चांगलाच होता. गुलाम देशातली पोरं ताठ उभी राहावीत, हा. मी स्वतः त्या परंपरेतला आहे, तिची थट्टा करणार नाही. पण ताठ उभा राहिलेला प्रत्येक जण मनाने राजी असतोच असं नाही.

गप्प उभं राहणं म्हणजे होकार, ही गफलत एकट्या माझी नाही. रायपूरहून पश्चिमेला, हद्द ओलांडून गेलं की देसाईगंज लागतं. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, सबब जबरदस्ती सिद्ध होत नाही! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हा त्याचा गाभा. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने आधी तिचं खरं धरून चालायचं.

तिकडे अमेरिकेत 1980 साली आघातानंतरच्या मनोविकाराला वैद्यकीय नाव मिळालं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक त्यासाठी भांडले होते. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश फौजेने पळपुटेपणा, भ्याडपणा असे ठपके ठेवून आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातल्या 306 जणांना माफी मिळाली ती थेट 2006 मध्ये. कोणाची जखम जखम म्हणून मोजायची, हा प्रश्न दवाखान्याइतकाच न्यायाचाही आहे, असं मी म्हणतो ते यामुळेच.

बॉस्टनजवळच्या एका केंद्रात डेव्हिड इमर्सन यांनी अशा माणसांसाठी योग शिकवण्याची वेगळी रीत बसवली. हुकूम नाही, स्पर्श नाही. “हवं तर हात वर न्या, नको असेल तर राहू द्या.” 2014 मध्ये त्यांचे सहकारी बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्यासह अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांना दाद न देणाऱ्या 64 स्त्रिया, दहा आठवडे. योगाच्या गटातल्या 52 टक्के स्त्रिया त्या आजाराच्या व्याख्येबाहेर आल्या. नुसतं आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटात 21 टक्के. अभ्यास लहान आहे, आणि त्या सगळ्यांचे इतर उपचारही चालूच होते, हे विसरू नका. गोळ्या सोडून कोणी चटईवर बसू नये.

मला सगळ्यात जड गेलं ते ‘हवं तर’ म्हणणं. जिभेला सवयच नाही. आता वर्गात मी समोरच उभा राहतो, कोणाच्या मागे जात नाही. जिन्याचं दार उघडं असतं. डोळे मिटायचे की नाहीत, ज्याचं त्याने ठरवायचं.

त्या ताई दोन महिन्यांनी परत आल्या. सौभाग्यवतींनी बोलावलं म्हणून, माझ्यामुळे नाही. मी हात जोडून माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. चटई उचलली आणि दाराजवळ नेऊन टाकली. शवासनात सगळ्या आडव्या होतात तेव्हा त्या भिंतीला टेकून बसतात, डोळे उघडे ठेवून. परवा मी सवयीने “हात वर” म्हणून गेलो, तर तिथूनच आवाज आला, “हवं तर म्हणा, काका.”