बीजांचा हिशेब

सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे पशुवैद्यक ह्वांग वू-सुक यांचे 'सायन्स' साप्ताहिकातले २००४ आणि २००५ सालचे दोन निबंध आणि त्याच विद्यापीठाच्या चौकशी समितीचा १० जानेवारी २००६ चा अहवाल, हे तीन दस्तऐवज मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. या प्रकरणात सगळ्यांच्या लक्षात राहिली ती मूळपेशींची लबाडी. मला मात्र स्त्रीबीजांचे आकडे जास्त बोलके वाटतात.

पहिला निबंध सांगतो : १६ स्त्रियांची २४२ बीजं वापरली, त्यांचे ३० भ्रूण पाच-सहा दिवसांच्या अवस्थेपर्यंत पोचले आणि त्यातून क्लोन केलेल्या मानवी मूळपेशींचा एकच वाण तयार झाला. दुसऱ्या निबंधात प्रगती थक्क करणारी आहे. १८ स्त्रियांची १८५ बीजं आणि रुग्णांच्या पेशींशी जुळणारे ११ वाण! बीजं स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेली, असंही निबंध सांगतो.

एक बीज म्हणजे काय, ते इथे थांबून पाहायला हवं. निसर्गतः महिन्याला एक बीज पक्व होतं. एकदम दहा-पंधरा हवी असतील तर रोज संप्रेरकाची इंजेक्शनं घ्यावी लागतात. बीजांडकोश सुजतात. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत योनीमार्गातून सुई घालून बीजं ओढून घेतात. काही जणींच्या पोटात नंतर पाणी साचतं, क्वचित रुग्णालयात राहावं लागतं. दात्रीला स्वतःला या सगळ्यातून काहीही मिळायचं नसतं.

आता अहवाल. नोव्हेंबर २००२ ते नोव्हेंबर २००५ या काळात चार रुग्णालयांतून १२९ स्त्रियांची २,०६१ बीजं ह्वांग यांच्या गटाकडे आली. हा तीन वर्षांचा एकूण आकडा असल्यामुळे तो निबंधांतल्या आकड्यांशी थेट ताडून पाहणं बरोबर नाही. पण दुसऱ्या निबंधापुरता समितीने वेगळा हिशेब केला आहे. जिथे १८५ लिहिलं होतं, तिथे किमान २७३ बीजं खर्ची पडली होती. आणि त्यातून क्लोन केलेला एकही वाण निघाला नव्हता. ज्या दोन वाणांच्या माहितीवर अकरा उभे केले होते, तेही वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या रुग्णालयातल्या सामान्य फलित भ्रूणांचे निघाले.

अहवालातली एक नोंद मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. मार्च २००३ मध्ये प्रयोगशाळेतल्या मुलींना बीजदानाचं संमतिपत्र वाटलं गेलं. काहींनी त्यावर सह्या केल्या. १० मार्चला एका विद्यार्थिनीची बीजं काढली, तेव्हा स्वतः ह्वांग तिच्याबरोबर रुग्णालयात गेले होते. मे २००४ मध्ये 'नेचर'च्या वार्ताहराला तिने बीजं दिल्याचं सांगितलं आणि मग फोन करून, आपलं इंग्रजी कच्चं आहे, तसं काही झालं नाही, असं कळवलं. दान राजीखुशीने केलं, असं तिने समितीपुढे सांगितलं. ज्यांच्या हातात आपली पदवी आहे ते गुरुजी शेजारी बसले असताना 'राजीखुशी' हा शब्द मला तरी पुरेसा वाटत नाही.

समितीला एक गोष्ट मात्र अस्सल सापडली, ती म्हणजे ह्वांग यांच्या गटाने क्लोन केलेला स्नपी हा कुत्रा. पण त्याचाही हिशेब पाहावा. १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयात सोडले, तीन गर्भ राहिले, एक पडला, दोन पिल्लं जन्मली आणि त्यातलं एक बाविसाव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. क्लोनिंगने माणसाचं मूल जन्माला घालण्याची भाषा करणाऱ्यांनी त्या १२३ जागी बायका आहेत असं समजून हे वाक्य वाचावं.

राहिला २००४ सालचा तो पहिला वाण. निबंधाप्रमाणे त्यातलं बीज आणि पेशीचं केंद्रक, दोन्ही 'अ' या दात्रीची. समितीने डीएनए तपासला, तो 'अ'शी जुळेना. जुळला तो 'ब' या दुसऱ्याच स्त्रीशी. बहुधा तिचं बीज क्लोनिंगविना, फलनाशिवाय आपलं आपणच विभागलं गेलं होतं, असं समितीचं मत पडलं. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकीय तपासणी करून त्यावर शिक्कामोर्तब केलं. जगातला पहिला क्लोन केलेला मानवी वाण म्हणून दोन वर्षं मिरवलेल्या त्या पेशी 'ब'च्या होत्या, आणि निबंधात ती कुठेच नाही.