मोटारीच्या काचा किती गडद असाव्यात? नियम, निकाल आणि मोजमाप

मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायमचा निकाली काढला, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र २०२१ पासून मूळ नियमाचे शब्द बदलले असून, केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या बदलाचा अर्थ स्पष्ट केला आहे. या सर्व घडामोडींत एक गोष्ट कायम राहिली आहे. ती म्हणजे काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाची किमान मर्यादा.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार मोटारीच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या खिडक्यांमधून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. हा नियम केंद्रीय असल्याने ही मर्यादा राज्यागणिक बदलत नाही. मुंबईत नोंदणी झालेली मोटार उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात, बेतवा नदीकाठच्या एरच येथे नेली, तरी तिला हेच प्रमाण लागू असते. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो; विदर्भातील स्थितीही वेगळी नसते. उन्हापासून बचाव हे फिल्म लावण्याचे रास्त कारण असले, तरी हवामानानुसार या प्रमाणात सूट देण्याची तरतूद नियमात नाही.

मर्यादेमागे दोन कारणे आहेत. पहिले रस्ता सुरक्षेचे. दिवसा गडद काचेची अडचण जाणवत नाही; परंतु रात्री, पावसात किंवा दिवे नसलेल्या रस्त्यावर चालकाच्या डोळ्यांपर्यंत मुळातच कमी प्रकाश पोहोचतो. काचेची पारगम्यता ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आली, की तो प्रकाशही निम्मा होतो. बाजूचे आरसे खिडकीच्या काचेतूनच पाहिले जात असल्याने मागून येणारा दुचाकीस्वार उशिरा दिसतो. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यालाही चालकाचे आपल्याकडे लक्ष आहे की नाही, हे कळत नाही. दुसरे कारण गुन्हेगारीला आळा घालण्याचे. मोटारीत काय चालले आहे, हे बाहेरून दिसावे, अशी अपेक्षा आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने, पारगम्यतेचे प्रमाण कितीही असले तरी काचांवर काळी फिल्म किंवा अन्य साहित्य लावण्यास मनाई केली आणि ४ मे २०१२ पासून अंमलबजावणीचे निर्देश दिले. केवळ दंड आकारून न थांबता फिल्म काढून टाकली जाईल याची खबरदारी पोलिसांनी घ्यावी, असेही न्यायालयाने बजावले. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या सरकारी मोटारींबाबत सवलतीचा विचार समितीने करावा, असे ठरले.

या निकालाचा आधार तेव्हाच्या नियमाच्या शब्दांत होता. नियमात ‘सुरक्षा काच’ असा उल्लेख होता. कारखान्यातच रंगछटा दिलेली काच, ७० व ५० टक्क्यांची अट पाळत असल्यास, वैध होती. मात्र काचेवर नंतर चिकटवलेली फिल्म हा सुरक्षा काचेचा भाग ठरत नव्हता.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत धावत्या बसमध्ये तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या बसला गडद काचा आणि पडदे होते. त्यानंतर या विषयाकडे देशाचे लक्ष नव्याने वेधले गेले.

२०२१ नंतरची स्थिती

केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम १०० मध्ये दुरुस्ती केली व ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. सुरक्षा काचेबरोबरच आता ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला मान्यता आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१९ च्या सुधारित मानकानुसार, आतील बाजूस प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेचा त्यात समावेश होतो.

या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. मानकात बसणारी आणि ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही, तसेच अशी फिल्म केवळ मोटार उत्पादकालाच लावता येते हा युक्तिवाद मान्य करता येणार नाही, असे या निर्णयात म्हटले आहे. २०१२ चा निकाल दुरुस्तीपूर्वीच्या नियमावर आधारित होता, याकडेही त्यात लक्ष वेधले आहे. अन्य राज्यांतील न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नाही. त्यामुळे केरळबाहेरील मोटारमालकांना त्यावर विसंबून पूर्णपणे निश्चिंत राहता येत नाही.

मोजमाप कसे करावे

नियमातील टक्केवारी फिल्मची नसून, फिल्मसह संपूर्ण काचेची असते. अनेकांची फसगत येथेच होते. कारखान्यातून आलेली काच स्वतःही थोडा प्रकाश अडवते. समजा, बाजूच्या काचेची पारगम्यता ७५ टक्के आहे आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर ढोबळमानाने ३७.५ टक्केच प्रकाश आत येतो. म्हणजे ‘५० टक्के’ म्हणून घेतलेली फिल्म बेकायदा ठरते. त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावल्यास सुमारे ५२.५ टक्के प्रकाश आत येतो व मर्यादा पाळली जाते. पुढच्या काचेची पारगम्यताही ७५ टक्के धरल्यास तिच्यासाठी ९३ टक्क्यांहून अधिक पारगम्यतेची फिल्म लागेल. म्हणजेच तेथे फिल्मला जवळजवळ वाव उरत नाही.

उष्णता कमी करण्यासाठी काच काळी करणे आवश्यक नसते. सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. हे किरण रोखणाऱ्या, परंतु दृश्य प्रकाश मोठ्या प्रमाणात जाऊ देणाऱ्या फिल्म उपलब्ध आहेत. धातूचा थर असलेल्या फिल्ममुळे मात्र फास्टॅग वाचण्यात अडथळा येऊ शकतो. मोटार उन्हात उभी असताना पुढच्या काचेमागे परावर्तक आच्छादन लावून, निघताना ते काढून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

दंड आणि दक्षता

नियमभंगासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली कारवाई होते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, तर पुन्हा नियमभंग झाल्यास १५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पूर्वी हे प्रमाण अनुक्रमे १०० व ३०० रुपये होते.

फिल्म लावायचीच असल्यास आधी मूळ काचेची पारगम्यता मोजून घ्यावी. फिल्म लावल्यानंतर पुन्हा मोजणी करावी आणि मानकाचे प्रमाणपत्र व पावती मोटारीत ठेवावी. जुनी मोटार विकत घेतानाही ही तपासणी आवश्यक आहे. फिल्म आधीच्या मालकाने लावलेली असली, तरी काचा नियमानुसार ठेवण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.