वय उलटलेल्यांची शाळा : आंध्र महिला सभा

‘आता शिकण्याचे वय उलटले’ हे वाक्य आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे. पुरुषाच्या बाबतीत ते उतारवयात ऐकू येई; स्त्रीच्या बाबतीत मात्र ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच खरे मानले जाई. लवकर लग्न, पाठोपाठ संसार आणि दुर्दैवाने वैधव्य आलेच तर कोणाच्या तरी घरातला एक कोपरा, एवढ्यात तिचे आयुष्य आखून दिलेले असे. मुलींसाठी शाळा काढणे हे एक काम होते. पण ज्यांची शाळा हुकली त्या मोठ्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड होता. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालवून या प्रश्नाला हात घातला. दक्षिणेत, तेलुगुभाषक स्त्रियांमध्ये, तेच काम पुढे एका वेगळ्या वाटेने उभे राहिले. ते उभे करणारी संस्था म्हणजे मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, आंध्र महिला सभा.

या सभेचा इतिहास तिच्या संस्थापिकेच्या आयुष्यापासून वेगळा काढता येत नाही. दुर्गाबाईंचा जन्म १९०९ साली राजमहेंद्री येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाण येताच त्या बंधनातून त्या बाहेर पडल्या. इंग्रजी माध्यमाचा निषेध म्हणून त्यांनी लहान वयातच शाळा सोडली, स्वतः हिंदी शिकल्या, आणि स्त्रिया व मुली यांना हिंदी शिकविण्यासाठी एक बालिका पाठशाळा काढली. शाळा सोडलेली ही मुलगी अशा रीतीने स्वतःच शिक्षिका झाली. १९२३ साली काकिनाड्याला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा तेथील प्रदर्शनाच्या दारावर त्या स्वयंसेविका होत्या. जवळ तिकीट नाही म्हणून त्यांनी जवाहरलाल नेहरूंनाही आत सोडले नाही; तिकीट आल्यावरच वाट मोकळी झाली. ही हकीकत पुष्कळ वेळा कौतुकाने सांगितली जाते. नेमून दिलेले काम माणूस पाहून बदलायचे नाही, ही स्वयंसेवेची पहिली शिस्त तीत आहे.

दुर्गाबाईंच्या मनाला खरे वळण लागले ते तुरुंगात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी मद्रासला भाग घेतला आणि पुढील तीन वर्षांत त्यांना पुन्हा पुन्हा कारावास भोगावा लागला. तेथे त्यांच्या सहवासात आल्या त्या गुन्हेगार म्हणून शिक्षा झालेल्या निरक्षर स्त्रिया. आपल्यावरील आरोप काय आहे हे त्यांतील कित्येकींना धड ठाऊक नव्हते. आपली बाजू कोणापुढे आणि कशी मांडावी हेही कळत नव्हते. अक्षरओळख नसणे म्हणजे केवळ पुस्तकाला मुकणे नव्हे. न्यायालयात, दवाखान्यात, बाजारात, सर्वत्र दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहणे होय, हे दुर्गाबाईंना तेथे उमगले. कायदा शिकायचा, हा निश्चय त्यांनी तुरुंगातून बाहेर आणला. पण कायद्याची पदवी दूरच, त्यांच्यापाशी शाळेचे प्रमाणपत्रही नव्हते.

येथे बनारस हिंदू विश्वविद्यालयाची एक सोय त्यांच्या उपयोगी पडली. त्या विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेस शाळेत नाव न घालता खासगी रीतीने बसता येत असे. त्या वाटेने त्या मॅट्रिक झाल्या, पुढे आंध्र विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि मद्रासला कायद्याचा अभ्यास पुरा करून १९४२ साली वकिलीच्या व्यवसायात आल्या. हुकलेली वर्षे भरून निघू शकतात, याचा पुरावा त्या स्वतःच होत्या. हाच पुरावा इतर स्त्रियांच्या हाती कसा द्यावयाचा, एवढाच प्रश्न उरला होता.

या प्रश्नाचे उत्तर १९३७ साली मैलापूर भागात फार लहान स्वरूपात आकारास येऊ लागले. आरंभी तो वस्तीतील तेलुगु मुलींचा एक मेळावा होता. ‘बृंदावनातील बालिका’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव त्याला होते. त्यातूनच आंध्र महिला सभा उभी राहिली. मुली येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया, मावश्या आणि विधवा आत्यांच्या अडचणीही दिसू लागल्या. त्यांच्यासाठी सभेने बनारसच्या मॅट्रिक परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग सुरू केले.

या वर्गांमागची कल्पना साधी होती. लहान मुलाला जो अभ्यासक्रम पुरा करण्यास अनेक वर्षे लागतात, त्यातील बराच काळ मूल वाढण्यात जातो. मोठ्या स्त्रीला जगाचा अनुभव असतो. घराचा हिशेब तिने तोंडी केलेला असतो, माणसे पारखलेली असतात, भाषा तिच्या जिभेवर असते. तिला फक्त अक्षर, आकडा आणि नेट लावून अभ्यास करण्याची सवय द्यावयाची असते. म्हणून तिचा अभ्यास दोन वर्षांत आटोपता येईल, अशी ही दृष्टी होती. एरवी मोठे वय ही शिक्षणातील अडचण समजली जाई. येथे त्याच वयाला भांडवल मानले गेले.

एक काम हाती घेतले की त्याच्या पोटातून दुसरे निघते, हा सेवाकार्याचा नियमच आहे. बाहेरगावच्या स्त्रियांना राहावयास जागा हवी, म्हणून वसतिगृह आले. परीक्षा होईपर्यंत आणि झाल्यावरही पोटाचा प्रश्न सुटला पाहिजे, म्हणून हस्तव्यवसाय आले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचावे, म्हणून ‘आंध्र महिला’ हे मासिक निघाले. पुढे प्रसूतिगृह व शुश्रूषालय उभे राहिले, आणि त्याला जोडून परिचारिका व सुइणी तयार करण्याचे शिक्षण सुरू झाले. कालांतराने अस्थिव्यंग असलेल्या मुलांवरील उपचारांचे केंद्रही सभेच्या अड्यार येथील कार्यात सामील झाले. कालपर्यंत जी स्त्री मदत मागण्यास आली होती, तीच शिकून दुसरीच्या बाळंतपणाला उभी राहू लागली.

स्वातंत्र्यानंतर सभेपुढे एक वेगळीच कसोटी आली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी वेगळे आंध्र राज्य अस्तित्वात आले आणि ज्या मद्रास शहरावर आंध्रांनी हक्क सांगितला होता ते तमिळ प्रदेशातच राहिले. सभेच्या नावात आंध्र, आणि तिच्या इमारती दुसऱ्या राज्याच्या राजधानीत, असा प्रकार झाला. पुढच्याच काही वर्षांत मुंबईच्या प्रश्नावरून महाराष्ट्राने अशाच वेदना सोसल्या. त्यामुळे यातील कडवटपणा मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु सभेने मद्रासमधला आपला संसार मोडला नाही. प्रसूतिगृहाच्या दारात आलेल्या बाईला तिची मातृभाषा विचारून भागत नाही. तेथील काम चालू राहिले, आणि १९५६ साली आंध्र प्रदेशाची स्थापना झाल्यावर सभेने हैदराबादेतही आपले कार्य उभे केले. तेथे पुढे रुग्णालय, स्त्रियांचे महाविद्यालय आणि साक्षरताप्रसाराचे केंद्र निघाले.

दरम्यान दुर्गाबाईंचे कार्यक्षेत्र दिल्लीपर्यंत विस्तारले होते. त्या घटना परिषदेच्या सदस्य होत्या, पुढे नियोजन मंडळावर आल्या. १९५३ च्या जानेवारीत तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि महाराष्ट्राशी त्यांचे नाते जडले. त्याच वर्षी मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मंडळाची रचना त्यांच्या पूर्वानुभवाला धरूनच होती : सरकारने कल्याणकार्याचा सगळा पसारा स्वतःच न मांडता गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यावे आणि काम त्यांच्या हातून व्हावे.

१९५४ पासून ग्रामीण भागात कल्याणविस्तार योजना सुरू झाल्या, तेव्हा पैशापेक्षा माणसांची टंचाई अधिक जाणवली. ग्रामसेविका, सुईण, परिचारिका, शिक्षिका यांच्या जागा होत्या. पण त्या शिक्षणास पात्र ठरण्याइतक्या शिकलेल्या स्त्रिया खेड्यांत मिळत नव्हत्या. तेव्हा मैलापूरचा तो जुना वर्गच उपयोगी पडला. १९५८ साली मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रमाची योजना देशभर सुरू केली. थोडेफार शिकून शाळा सुटलेल्या स्त्रियांना सुमारे दोन वर्षांत परीक्षेपर्यंत नेणे, हेच तिचे सूत्र होते. वस्तीतल्या मुलींच्या मेळाव्यातून निघालेली कल्पना वीस-एकवीस वर्षांत राष्ट्राच्या योजनेत जाऊन बसली.

या यशाला एक दुसरी बाजू आहे. अनुदान आले की नियम येतात, तक्ते येतात, वर्षअखेरीचे हिशेब येतात. आणि ज्या उत्साहाने संस्था जन्मली तो कागदाखाली दबण्याचा धोका असतो. शिवाय दोन वर्षांचा शिक्षणक्रम जिने कधी पाटीच धरली नाही तिच्या उपयोगी पडत नाही, आणि जिला दिवसभर मजुरी करावी लागते तिला वर्गात बसण्याइतकी सवडच नसते. अशा स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचे काम कोणत्याही एका योजनेने पुरे झाले नाही. सभेलाही हैदराबादेत साक्षरतेचे कार्य निराळे हाती घ्यावे लागले ते याचमुळे.

तरीही या संस्थेच्या इतिहासातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. दुर्गाबाई देशमुख १९८१ साली निवर्तल्या, आणि त्यांच्या हयातीतच सभेचे काम त्यांच्या एकटीच्या आधारावर अवलंबून राहिले नव्हते. ते तिथे शिकून तयार झालेल्या स्त्रियांच्या हाती गेले होते. स्त्रियांच्या शिक्षणात खरा अडथळा वयाचा नव्हता. ‘आता काय उपयोग’ असे म्हणून दार लावून घेणाऱ्या घराचा आणि समाजाचा तो होता. ते दार आतून उघडता येते, हे आंध्र महिला सभेच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थिनींनी पाटी हातात घेऊन दाखवून दिले.