रीटा फारिया नंतर काय करत होती?

परवा तालुक्यातल्या एका सौंदर्य स्पर्धेचा फोटो छापायला आला. मुकुट, पट्टा, पाहुण्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ, सगळं नेहमीचं. असे फोटो मी वीसेक वर्षं छापतोय. पण त्यातल्या एकाही मुलीकडे वर्षभरानं जाऊन "आता काय चाललंय, बाई?" असं विचारलेलं नाही. त्यावरून रीटा फारिया आठवली.

१७ नोव्हेंबर १९६६ ला लंडनमध्ये ती मिस वर्ल्ड झाली. आशियातली पहिली. आईवडील मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या जे. जे. मध्ये. अंगावरची साडीसुद्धा उसनी. (गोव्यात तेव्हा वेगळाच धुरळा उडत होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, याचा कौल १६ जानेवारी १९६७ ला व्हायचा होता.)

महिनाभरातच ती वादात सापडली. विनोदी नट बॉब होप दर नाताळात अमेरिकन सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करायचा. डिसेंबर १९६६ च्या दौऱ्यात त्याच्यासोबत रीटाही व्हिएतनामला गेली. इकडे आपलं सरकार कात्रीत. देशात दुष्काळ, जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालेलं, रेशनला अमेरिकेचा पीएल ४८० चा गहू. आणि त्याच वर्षी इंदिराबाई व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा म्हणून बोललेल्या. अशा वेळी भारताची विश्वसुंदरी अमेरिकन जवानांसमोर स्टेजवर! दिल्लीला ते रुचलं नाही, टीकाही झाली. सरकारची अशी नाराजी तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पासपोर्ट देणं-न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. परदेशी जाणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग खटल्यात सांगितलं, आणि पासपोर्टचा कायदा त्यानंतर आला.

मला यातली एक गोष्ट खटकते. करार आयोजकांचा, दौरा बॉब होपचा, युद्ध अमेरिकेचं, आणि जाब मात्र मेडिकलच्या पोरीला! तिनं जायला नको होतं, असं आज बसून म्हणणं सोपं आहे. मुकुटाबरोबर वर्षभराची बांधिलकी येते, हे तिला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

पण पुढचं ऐका. वर्ष संपलं आणि तिनं मॉडेलिंग, सिनेमा सगळ्याला नमस्कार केला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये राहिलेला अभ्यास हातात घेतला आणि डॉक्टर झाली. जगभर फोटो छापून आलेल्या मुलीनं परत वर्गात जाऊन बसायचं, वॉर्डात राउंडला उभं राहायचं! आपल्याकडे एक वर्ष गॅप पडली तरी घरचे म्हणतात, आता कसलं शिक्षण. १९७१ मध्ये तिनं डेव्हिड पॉवेल या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरशी लग्न केलं. १९७३ पासून घर आयर्लंडमध्ये, डब्लिनला. दोन मुली, नातवंडं. अधूनमधून एखाद्या स्पर्धेची परीक्षक म्हणून ती दिसली, १९९८ च्या मिस इंडियाला आली होती. एवढंच.

१९९४ मध्ये ऐश्वर्या राय जिंकली तेव्हा रीटाचं नाव परत वर आलं, तेही "याआधी कोण?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून. स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये ती अजून तशीच आहे, एका ओळीत. त्या ओळीत डॉक्टर हा शब्द बहुतेक नसतोच.

परवाचा फोटो मी छापलाय, चौकटीत, पान तीनवर. आणि मागच्या वर्षीच्या विजेतीचा नंबर शोधतोय. ती नर्सिंगला आहे असं कुणीतरी म्हणालं, कुणी म्हणतं लग्न झालं. कुणाकडे नंबर असेल तर इथे टाकू नका, तिला विचारून मला इनबॉक्स करा.