गिरणगावातील पांडुरोग



मी डॉक्टर नव्हे. उभी हयात कामगार संघटनेत गेली. जे थोडे वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीत. तरीही रक्ताविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण हा इतिहास आपल्याच माणसांचा आहे. या जिल्ह्यातून बोटीने गेलेल्या हजारोंनी मुंबईचे गिरणगाव उभे केले.

१९२८ साली तेथे एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच वर्षी लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गरोदरपणातील जीवघेण्या पांडुरोगाचा शोध घेणे हे त्यांचे काम. संपाचा इतिहास आम्ही सभांतून सांगतो. या बाईंना मात्र विसरलो.

लोहाच्या उणिवेने होणाऱ्या पांडुरोगात तांबड्या पेशी लहान होतात. या गरीब बायकांच्या रक्तात त्या थोड्या, पण आकाराने मोठ्या होत्या. विल्सबाईंनी निरनिराळ्या थरांतील बायकांचा आहार ताडून पाहिला. अन्न निकृष्ट, तेथे रोग अधिक, असे दिसले. यकृताचा अर्क गुणकारी, पण महाग. म्हणून त्यांनी मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला; रोगिणी सुधारल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यामागचे द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल.

आता पाहा, पान म्हणजे आपल्या परड्यातला माठ, शेवगा, पावसाळ्यातला टाकळा. गावी ते फुकट. चाळीत आल्यावर विकत. संपकरी मागत होते ती मजुरी आणि विल्सबाई देत होत्या तो अर्क, दोन्ही एकाच उणिवेवरचे उपाय होते, असे मला वाटते.

एक कबुलीही देतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचा कैवार घेतला. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आम्ही मात्र पुढे बोनस आणि महागाईभत्त्यावर जितके घसे कोरडे केले, तितके बायकांच्या रक्तावर केले नाहीत.

आज सरकारी आरोग्य केंद्रात लोह व फोलिक आम्लाची गोळी गरोदर बाईस फुकट मिळते. ती तिने अवश्य घ्यावी. परंतु गोळी मिळाली म्हणजे ताटाचा प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये.