हरित रोजगार : झाडू आमच्या हाती, यंत्र कुणाच्या हाती?



सौरऊर्जा, बायोगॅस, खतनिर्मिती यांचे प्रशिक्षण घ्या, हरित रोजगार मिळवा, असे आपल्या वस्त्यांना आता सांगितले जात आहे. मागणी योग्यच आहे. पण टाळ्या वाजवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. प्रशिक्षण नेमके कोणत्या कामाचे? आणि त्यासाठीचा पैसा जातो कुठे?

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई! म्हणजे गिरणी आधुनिक होती, यंत्र विलायती होते, पण जात गावाकडचीच होती. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली मांडले, त्यामागे हे वास्तव होते.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी दरसाल 2 लाख रुपये, परदेशी शिक्षणासाठी 1 लाख रुपये आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी मागितली होती. बाबासाहेबांनी सफाईची जास्त कामे मागितली नाहीत. त्यांनी यंत्रापर्यंत जाण्याची वाट मागितली, आणि आकड्यासह मागितली.

आता आपल्या भागाकडे या. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उखडलेली अनेक दलित कुटुंबे मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात आली. त्यातल्या कित्येक बायाबापड्यांच्या वाट्याला कचरा वेचणे आले. शहराचे पुनर्चक्रीकरण त्यांनीच केले. तेव्हा त्याला कुणी ‘हरित’ म्हटले नाही. स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘परिसर विकास’ उपक्रम सुरू केला. त्यात कचरावेचक महिला खत बनवायला आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘निसर्गऋण’ बायोगॅस संयंत्र चालवायला शिकल्या. संधी मिळाली तर आपली बाई संयंत्र चालवते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

कल्याणच्या आधारवाडी डम्पिंगचा धूर आपण वर्षानुवर्षे सोसला. कचऱ्याची विल्हेवाट होत नाही म्हणून 2015 साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकामांना मनाई केली. 2021 साली डम्पिंग बंद झाले, हे चांगलेच झाले. पण त्या ढिगावर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना नव्या प्रकल्पांत कोणते स्थान? 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. सामावून घेणे म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली पुन्हा झाडू देणे नव्हे.

पैसा नाही, ही सबब ऐकून घेऊ नका. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखायची योजना 1979-80 पासून आहे. तरीही 2025 साली सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना जरूर द्या, पण आमच्या लेकरांच्या ताटातले काढून का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्येच या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्राला काय अडचण आहे?

म्हणून मागणी नेमकी करा. निधी वळवण्यास बंदी घालणारा कायदा हवा. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन हवे, कारण रोजंदारी बुडवून कुणी शिकू शकत नाही. शिक्षण ऑपरेटर, तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षकाचे हवे. आणि महापालिकांच्या कामांत कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना थेट हिस्सा हवा.

तुमच्या प्रभागात प्रशिक्षणाचा फलक लागला की माहिती अधिकाराचा अर्ज टाका : किती जण शिकले, कोणत्या पदावर लागले, पगार किती? उत्तरात नुसते ‘हेल्पर’ आले, तर समजा की जुन्याच झाडूला हिरवा रंग दिला आहे.