येरवड्याची वाट : मनोविकार, औषध आणि घर

२०१३ साली ‘साइड इफेक्ट्स’ या नावाचा एक इंग्रजी चित्रपट प्रदर्शित झाला. स्टीव्हन सोडरबर्ग हे त्याचे दिग्दर्शक. नैराश्याने ग्रासलेली एक तरुण विवाहिता, तिला नव्या गोळीची चिठ्ठी लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ, त्या गोळीच्या अमलाखाली झोपेत चालण्याची तिला लागलेली खोड आणि त्याच अवस्थेत घरात घडलेला खून, असे त्याचे कथानक आहे. अपराध कोणाचा? रुग्णाचा, डॉक्टरचा की गोळीचा? या प्रश्नाभोवती चित्रपट फिरतो. त्यातील ‘अब्लिक्सा’ हे औषध काल्पनिक आहे. मात्र औषध कंपनीकडून मोबदला घेणारा डॉक्टर आणि रुग्णाच्या दुःखावर होणारा पैशाचा व्यवहार हे काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. रहस्याचा उलगडा येथे सांगून वाचकांचा रसभंग करण्याचे कारण नाही. परंतु असा चित्रपट पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक भय घर करून राहते, ते म्हणजे मनाच्या औषधाचे भय.

हे भय आपल्या शिरूर-दौंड परिसराला नवे नाही. चित्रपटगृहापर्यंत जाण्याचीही त्यासाठी गरज पडलेली नाही. ‘याला आता येरवड्याला धाडा’ हे वाक्य आपल्याकडे थट्टेत, भांडणात आणि कधी कधी अश्रू ढाळीतही उच्चारले जाते. शिरूरहून निघालेला पुणे-नगर रस्ता रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली अशी गावे मागे टाकीत थेट येरवड्यालाच पुण्यात शिरतो. दौंडहून निघालेला प्रवासी पाटस, केडगाव, यवत, उरुळी करीत रेल्वेने पुणे स्थानकात उतरतो आणि तेथून येरवडा काही दूर नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांनी ही वाट शेजाऱ्यांना चुकवून, पहाटेच्या अंधारात चालली असेल. त्या वाटेचा इतिहास समजून घेतला, तर पडद्यावरचे भय किती खरे आणि किती अपुरे हे उमगेल.

कुलूप आणि कायदा

येरवड्याचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून उभे आहे. खाटांच्या संख्येने ते देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणले गेले. त्या काळी त्याला ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणत आणि तेथील कारभार १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’प्रमाणे चाले. रुग्णाला आत घेण्याच्या कामात पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांना मोठे स्थान होते. ज्या गावात तुरुंगही येरवडा आणि इस्पितळही येरवडा, त्या गावाच्या नावाने लोकांना धडकी भरली तर नवल ते काय!

शिवाय आत गेल्यावर द्यायला औषध तरी कोठे होते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर हीच स्थिती होती. इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धावस्थेत नेणे, रासायनिक द्रव्याने त्याला आकडी आणणे, १९३८ साली रोममध्ये सुरू झालेला विजेचा झटका देणे, हे त्या वेळचे उपाय. विजेच्या उपचाराचा पुढे भूल देऊन, सुधारलेल्या रीतीने उपयोग होऊ लागला आणि तीव्र नैराश्यात तो आजही उपयुक्त ठरतो. पण आरंभीचे त्याचे रूप भीतिदायकच होते. उरला तो उपाय म्हणजे कुलूप. येरवड्याला गेलेला परत येत नाही, ही समजूत काही निव्वळ अज्ञानातून जन्मलेली नव्हती. तिच्यामागे अनुभव होता.

सर्पगंधेची मुळी

मनोविकारावरील आधुनिक औषधांच्या इतिहासाचे एक आरंभीचे पान आपल्याच देशात लिहिले गेले आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांच्या पूर्वापार परिचयाची. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो, असे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या मुळीचा प्रयोग करून आपले निष्कर्ष १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे पाश्चात्त्य जगाचे तिच्याकडे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले आणि १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांचा अहवाल दिला. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

कथा येथेच संपली असती, तर ती केवळ अभिमानाची ठरली असती. परंतु रिसर्पिनने क्षोभ शमतो हे दिसत असतानाच, ते घेणारे काही जण खोल खिन्नतेत बुडतात, असेही डॉक्टरांच्या ध्यानात आले. एका दुःखावरचा उतारा दुसऱ्या दुःखाचे कारण होऊ लागला. चित्रपटाला ‘साइड इफेक्ट्स’ हे नाव सुचण्याच्या अर्धशतक आधी हा प्रश्न आपल्या सर्पगंधेनेच जगापुढे उभा केला होता. गमतीची गोष्ट अशी, की या अपयशातूनही ज्ञानच हाती लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतील काही रासायनिक द्रव्ये घटतात असे आढळले आणि नैराश्याचा त्या द्रव्यांशी संबंध असावा, या विचाराला त्यातून चालना मिळाली. तो विचार पुढे अपुरा ठरला. पण नैराश्यावरील अनेक औषधांच्या शोधाला त्याने दिशा दिली. मनोविकारासाठी रिसर्पिन मात्र मागे पडले.

उघडलेले दार

त्याची जागा घेतली ‘क्लोरप्रोमाझिन’ने. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्ये तयार झालेले हे औषध १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात डॉ. देले आणि डॉ. देनिकेर यांनी रुग्णांना दिले. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली माणसे शांत झाली, बोलू लागली. काही वर्षांतच ते जगभर पोहोचले. मनोरुग्णालयाची दारे बाहेरच्या बाजूने उघडू शकतात, असे डॉक्टरांना प्रथमच वाटू लागले.

या औषधालाही किंमत होती. हातापायांना कंप, अंगाला ताठरपणा, तोंडाच्या व जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली असे त्रास काही रुग्णांना जडले. नंतरच्या औषधांत कंप कमी झाला, तर वजन आणि साखर वाढू लागली. तरीही या औषधांनी अगणित माणसे घरी परतली, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही.

पण घरी म्हणजे कोठे? येथे अमेरिकेचा दाखला विचार करायला लावणारा आहे. १९५५ साली तेथील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. पुढल्या २५ वर्षांत ही संख्या दीड लाखाच्या खाली आली. औषधाने दार उघडले. परंतु बाहेर त्यांना सांभाळणारी व्यवस्था पुरेशी उभी राहिली नाही. अनेक जण रस्त्यावर आले, अनेक तुरुंगात गेले. गोळी होती, घर नव्हते.

याच सुमारास आपल्या देशात एक वेगळा प्रयोग चालू होता. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारातच तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातलगांना तेथे राहायला बोलाविले. आईने मुलाला भरवावे, भावाने भावाचे बोलणे ऐकावे, डॉक्टरांनी दोघांनाही रोग समजावून सांगावा, अशी ती रीत होती. रुग्ण बरा होऊन निघाला की त्याचे माणूस त्याच्यासोबतच निघे. त्याला टाकून जाण्याचा प्रश्नच उरत नसे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही कुटुंबाला रुग्णासोबत ठेवण्याची हीच रीत रुजविली.

बहिणीचे घर

औषध आणि घर यांची ही सांगड मराठी पडद्यावर कोणी दाखविली असेल, तर ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी. २००४ सालच्या त्यांच्या ‘देवराई’ या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली. कोकणातल्या देवराईने त्याचे मन व्यापले आहे. त्याला भास होतात. त्याची बहीण (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या शहरातील घरी आणते आणि तिच्या संसाराचीच परीक्षा सुरू होते. येथे खून नाही, कट नाही, खलनायक डॉक्टर नाही. तरीही हा चित्रपट पाहताना छातीत धस्स होते. कारण त्यातली भांडणे, शरम आणि थकवा ही आपल्याच घरातली वाटतात. चित्रपटाच्या पाठीशी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता आणि पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणाऱ्या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. याच दिग्दर्शकद्वयीच्या, नैराश्यावरील ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ लाभले. त्याच्या निर्मात्यांपैकी डॉ. मोहन आगाशे हे नट तर आहेतच, पण स्वतः मनोविकारतज्ज्ञही आहेत.

‘साइड इफेक्ट्स’ विचारतो, गोळीवर विश्वास ठेवावा का? ‘देवराई’ विचारतो, गोळी घेणाऱ्याजवळ बसणार कोण? आपल्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे.

साखळी आणि श्रद्धा

जवळ बसणारे कोणी नसले की काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांच्या आप्तांनी त्यांना तेथे श्रद्धेनेच सोडले होते.

दोष एका धर्मस्थळाचा मानून आपण हात झटकू नयेत. भगत, देवऋषी, अंगारा, उतारा यांच्या दारात आपलीही माणसे जातात. नाव बदलून आपल्यातही तेच चालते. या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण निःसंदिग्ध आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात भूतबाधा आणि आजार, विशेषतः मानसिक आजार, यांत स्पष्ट भेद केला असून आजारावरील उपचार हे वैद्यकशास्त्राचे क्षेत्र आहे असे म्हटले आहे. प्रार्थनेने धीर येतो. पण डॉक्टरची चिठ्ठी फाडायला कोणतीही खरी प्रार्थना सांगत नाही.

आपल्या परंपरेत याहून जुना असा एक धडाही आहे. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फना हिचे तीर्थस्थान आहे. मध्ययुगापासून मनोरुग्णांना तेथे आणले जाई. देवळाजवळची जागा अपुरी पडू लागली, तसे गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. शेतात सोबत नेले, एकाच मेजावर जेवू घातले. ही प्रथा शतकानुशतके टिकली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांवर पाहुणे गीलच्या घरांत राहत होते. पुढे तिला वैद्यकीय देखरेखीची जोड मिळाली आणि लहान प्रमाणावर ती आजही चालू आहे. जेथे तीर्थ, तेथेच साखळी असे नाही. जेथे तीर्थ, तेथेच घरही असू शकते.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? आपल्याच दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात जगाने टाकलेल्या मुली-स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभे केले. टाकलेल्या माणसाला घर देण्याचे काम या मातीला अपरिचित नाही.

आजची वाट

येरवड्याची वाट आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. उपचार हा त्याने रुग्णाचा हक्क ठरविला, साखळीने बांधण्यास मनाई केली आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती निवडण्याचा अधिकार रुग्णाला दिला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या सल्ला मिळतो. पोलीस पाटलाला न कळविता, गाव न जागविता, पहिले पाऊल आता फोनवरूनही टाकता येते.

गोळीविषयीची सावधगिरी मात्र सोडू नये. झोपेच्या आणि घबराटीवरच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने बंदी आहे. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही. त्याचप्रमाणे चार दिवस बरे वाटले म्हणून औषध एकाएकी बंद करणे हेही धोक्याचे; आजार उलटून येतो आणि कुटुंब म्हणते, औषधाचा गुण नाही. हात कापू लागले, जीभ जड झाली, वजन वाढले, झोप अति झाली, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. डॉक्टरला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

सर्पगंधेपासून आजच्या गोळीपर्यंतचा हा इतिहास पाहिला, की एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतेही औषध निर्दोष निघाले नाही आणि कोणत्याही काळी केवळ औषधाने माणूस घरी नांदता झाला नाही. औषधाने त्याला उंबऱ्यापर्यंत आणले; उंबऱ्याच्या आत घ्यायला आप्तच लागले. आपल्या धर्मग्रामात एखाद्या घराचा दरवाजा बरेच दिवस अर्धा मिटलेला दिसत असेल, एखादा तरुण मिस्साला येईनासा झाला असेल, तर त्याच्याविषयी कुजबुजण्याऐवजी त्याच्या आईला विचारावे : ‘बाई, दवाखान्यात जायचे असेल तर मी सोबत येऊ का?’